अमेरिकेची लाल ज्वारी, सोलापूरची रांग

१९६६ साली आमच्या घरात ज्वारी अमेरिकेहून यायची. आमचं घर सोलापुरात, भवानी पेठेत. वर्गात हे सांगितलं की मुली हमखास विचारायच्या, "बाई, आपल्याकडे ज्वारी नव्हती?" प्रश्न रास्त होता. मंगळवेढ्याचं काळं रान म्हणजे ज्वारीचं कोठार. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला. आमच्याकडे पाहुणा निघाला की कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. अशा जिल्ह्यातल्या गिरणी कामगाराच्या घरात समुद्रापलीकडची ज्वारी रेशनवर येत होती, आणि तीही दुकानात माल असला तर.

तिला मिलो म्हणत. माझ्या वयाच्या कुठल्याही बाईसमोर हा शब्द काढा, तिचा चेहरा बदलतो. दाणा लालसर, पीठ तांबूस. भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची आणि तव्यावर पडेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. आजी आधणाचं पाणी घालून पीठ मळायची, शिल्लक असली तर घरची पांढरी ज्वारी त्यात मिसळून दळायला द्यायची, तेव्हा कुठे ती भाकरी हातात धरवायची. निवडताना खड्यांबरोबर कसलंसं अनोळखी काळं बी निघायचं. आजी ते वेगळं काढून चुलीत टाकायची, कोंबड्यांनाही घालायची नाही. लोक म्हणायचे मिलोने पोट दुखतं. आमचं दुखायचं की नाही ते मला आठवत नाही. भूक आठवते.

मी इतिहासाची शिक्षिका. नोकरीत असताना हा सगळा काळ एका वाक्यात उरकावा लागायचा: पाऊस पडला नाही, धान्य आयात केलं, मग हरितक्रांती झाली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी त्या एका वाक्यात काय काय दडलंय ते वाचत गेले. अमेरिकेने त्या काळातले आपले सरकारी कागद पुष्कळसे खुले केले आहेत. ते वाचताना माझ्या आईची रेशनची पिशवी आणि डॅलस शहरात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना लागलेली गोळी यांच्यामधला धागा मला दिसायला लागला. तो जितका पक्का आहे तितकाच मांडायचा, ओढूनताणून नाही, म्हणून हे लिहायला मला इतका वेळ लागला.

आधी धान्य कसं येत होतं ते सांगते. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर आणि आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी एका करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. पैसे डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायचे. अमेरिकेच्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली हे चालायचं, म्हणून जुनी माणसं अजून 'पीएल चारशेऐंशीचा गहू' म्हणतात. त्या स्वस्त गव्हाने आपल्या सरकारला शेतीकडे काणाडोळा करायची सवय लावली, हा आरोप मला पटतो. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती: करार चार वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात जहाज येणार का, असा प्रश्न दिल्लीला पडत नव्हता आणि म्हणून सोलापुरालाही पडत नव्हता.

केनेडी अध्यक्ष व्हायच्या आधीपासून भारताच्या बाजूने बोलत. सिनेटर असताना जॉन शेरमन कूपर यांच्याबरोबर त्यांनी भारताला मदत देण्याचा ठराव मांडला होता. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरात अमेरिकी विमानं शस्त्रं घेऊन उतरली. सोलापूरला या युद्धाची एक वेगळी कळ होती, ती इथे सांगितलीच पाहिजे. आमच्या भैय्या चौकातले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी त्याच देशाशी युद्ध. आमच्या आजोबांनी कोटणीसांना लहानपणी पाहिलेलं. युद्धाच्या दिवसांत ते कोटणीसांचं नाव काढायचे आणि गप्प व्हायचे.

युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला हे वाक्य आमच्या लहानपणी पोरंसोरंही म्हणायची. सैन्य नव्याने उभं करायचं होतं आणि त्यासाठी अमेरिकेची मोठी, अनेक वर्षांची लष्करी मदत मिळावी अशी बोलणी चालली होती. दिल्लीतले अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स त्याच कामासाठी वॉशिंग्टनला गेले होते. केनेडींबरोबर त्यांची बैठक ठरली होती मंगळवार, २६ नोव्हेंबर १९६३ रोजी.

शुक्रवारी, २२ तारखेला, डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे दुपारचे साडेबारा वाजले होते, आपल्याकडे मध्यरात्र.

मी तेव्हा फार लहान होते. घरातलं एवढंच ठाऊक आहे की दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले ते हातात मराठी वर्तमानपत्र घेऊन, आणि शेजारच्या तेलुगू अक्कांना त्यांनी बातमी वाचून दाखवली. अक्कांना केनेडी माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, बायको लहान आहे का हो, पोरं किती. नंतर कितीतरी वर्षं नवी पेठेतल्या एका केशकर्तनालयात केनेडींचा कॅलेंडरवरचा फोटो गांधी-नेहरूंच्या शेजारी लावलेला होता.

तो दुखवटा खरा होता. मात्र हत्येनंतरच्या धोरणाचं काय होतं हे दुखवट्याच्या दिवसांत कुणी विचारत नाही, आणि विचारावं अशी अपेक्षाही नसते. ती मंगळवारची बैठक झाली नाही. नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो विषय बाजूला ठेवला. १९६४ च्या मे महिन्यात स्वतः यशवंतराव वॉशिंग्टनला गेले आणि ते तिथे असतानाच २७ मे रोजी नेहरू गेले. दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुढे जूनमध्ये जे ठरलं ते आधीच्या आशेपेक्षा लहान होतं. त्याच वर्षी यशवंतराव मॉस्कोला गेले आणि आपलं हवाई दल रशियाच्या मिग विमानांच्या वाटेला लागलं. भारताची शस्त्रं पुढची कित्येक दशकं रशियाची राहिली. त्याचं मूळ एकट्या डॅलसमध्ये आहे असं मी म्हणणार नाही. मिगची बोलणी १९६२ पासून चालू होती. पण एक दार उघडायला आलं होतं आणि ते उघडलं नाही, एवढं कागदांतून स्पष्ट दिसतं.

शस्त्रांचं असं झालं. धान्याचं जे झालं ते आमच्या गल्लीपर्यंत पोचलं.

१९६० चा करार संपल्यावर पुढचा झाला तो जेमतेम वर्षाचा, जून १९६५ पर्यंतचा. त्यानंतर जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करायचंच थांबवलं. एक-दोन महिन्यांपुरतं धान्य सुटायचं, आणि तेही अध्यक्षांनी स्वतः होकार दिल्यावर. इतिहासकार याला आखूड दाव्याचं धोरण म्हणतात; दावं म्हणजे गुरं बांधायचा दोर. भारतात पाऊस कुठे पडला आणि कुठे नाही हे आपल्याला तोंडपाठ होतं, असं जॉन्सन यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्याकडे हस्त नक्षत्राचा पाऊस पडला तर रब्बीची पेरणी, नाही तर नाही. जिल्ह्यातला प्रत्येक शेतकरी त्या पंधरा दिवसांत आभाळाकडे बघत असतो. हजारो मैलांवर आणखी एक माणूस त्याच पावसाचा हिशोब मांडून बसला होता आणि त्यावरून आमचं धान्य किती दिवस अडवायचं ते ठरवत होता.

आणि पाऊस तर आलाच नाही. १९६४-६५ साली देशात ८.९ कोटी टन धान्य पिकलं होतं, १९६५-६६ साली ७.२ कोटी टन. त्यातच सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं आणि अमेरिकेने दोन्ही देशांची मदत थांबवली. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. आमच्या घरी ते पाळलं जायचं, बाबा रात्रपाळीला असले तरी. आजी म्हणायची, महादेवाचा वार आहेच, त्यात देशाचं पुण्य. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या. राज्य सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी आधीच सुरू केली होती, म्हणजे शेतकऱ्याची ज्वारी सरकार घेणार आणि रेशनवर वाटणार. पण रानात पिकलंच नाही तर खरेदी कशाची करणार? उजनीचं धरण तेव्हा उभं नव्हतं. सीना आणि भीमा उन्हाळ्यात वाळूच्या नद्या.

अशा वेळी आमच्या दुकानात माल यायचा तो मिलो आणि लाल गहू. आणि तो कधी येणार हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आता रांगेचं सांगते, कारण हे सगळं लिहिण्याचं कारण ती रांग आहे.

रेशनचं दुकान आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. माल आल्याची बातमी दुकानातून यायची नाही, ती हातगाडीवाल्याकडून यायची. मालधक्क्यावरून पोती निघाली की तो ओळखीच्या घरांना सांगत सुटायचा. मग पहाटेच, गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत, बायका पिशव्या, डबे, नाही तर नुसता दगड ओळीत ठेवून जागा धरायच्या. दगडाला मान होता. कुणाचा दगड कुणी हलवला तर त्यावरून झालेलं भांडण दोन गल्ल्या ऐकायच्या. दुकान उघडायचं नऊला. दुपारपर्यंत ओळ सरकायची आणि मग दुकानदार काका बाहेर येऊन हात जोडायचे: माल संपला. मागचे वीस-पंचवीस जण तसेच परत. पुढचा माल कधी? काकांकडे उत्तर नसायचं. गोदामात विचारलं तर गोदाम म्हणायचं मुंबईहून वॅगन आलेली नाही. मुंबई म्हणायची जहाज आलेलं नाही. जहाज का आलेलं नाही, हे त्या साखळीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

आई विड्या वळायची. सोलापुरातल्या हजारो बायका तेव्हा वळत होत्या, अजूनही वळतात. मजुरी हजारावर. सकाळी पानं भिजवून, कापून, मांडीवर सूप घेऊन बसलं तर संध्याकाळपर्यंत हजाराच्या आसपास जायच्या, तेही पोरीबाळींनी दोरा बांधायला हात लावला तर. रांगेत अर्धा दिवस गेला की त्या दिवशीचा हजार पुरा व्हायचा नाही. म्हणजे धान्य मिळालं तरी धान्याचे पैसे कमी पडायचे आणि नाही मिळालं तर दोन्ही गेलं. बाबांचा पगार गिरणीतला, ठरलेला. त्यातून भाडं, उसनवारी, गावी आत्याला थोडे. आईच्या विड्यांवरच भाजी आणि तेल होतं.

म्हणून मग ताई रांगेत उभी राहायला लागली.

ताई तेव्हा सातवीत, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हुशार होती. गणितात तिचा हात कुणी धरत नसे. सुरुवातीला महिन्यातून एखादा दिवस शाळा बुडायची. मग माल कधी येईल याचा नेम राहिला नाही तसं बुडणंही बिननेम झालं. आज नाही आला, उद्या बघू. उद्या अर्धाच आला, परवा पुन्हा. १९६६ च्या दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात वाईट होते असं ती सांगते. तिला तारखा आठवत नाहीत. पण त्या वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, आईने तिला बांगड्या घ्यायला दिलेले पैसे परत मागून घेतले, हे तिला लख्ख आठवतं. म्हणजे जानेवारी १९६७.

त्या महिन्यांत वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं ते मी कागदांतून जुळवलं. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ चा ७.५० रुपये झाला. हे करा, मदत मिळेल, असा अमेरिकेचा आणि जागतिक बँकेचा आग्रह होता. त्याच उन्हाळ्यात भारताने अमेरिकेच्या व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर टीका केली. जुलैत इंदिराबाई मॉस्कोत होत्या आणि तिथल्या संयुक्त पत्रकात ती टीका आणखी कडक शब्दांत आली. जॉन्सन चिडले. त्यांचे स्वतःचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन धान्य सोडा म्हणत असताना महिनोन्महिने नव्या धान्याला मंजुरी मिळाली नाही. डिसेंबरच्या अखेरीस ९ लाख टनांना होकार आला. वॉशिंग्टनला होकार दिल्यावर धान्य लादायचं, जहाज निघायचं, महिना-सव्वा महिन्याने बंदराला लागायचं, मग वॅगन, मग गोदाम, मग आमचे काका. नोव्हेंबरात न झालेली सही जानेवारीत आमच्या दुकानाच्या फळीवर दिसत होती.

ताईने आठवी केली नाही. तेवढ्याच कारणाने केली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मुलगी मोठी झाली होती, धाकटी आम्ही दोघी होतो, आईची कंबर धरायला लागली होती. पण सातवीची परीक्षा तिने ज्या वर्षी नापास केली त्या वर्षीची तिची हजेरी मी मनातल्या मनात अनेकदा मांडून पाहिली आहे. मग तीही विड्या वळायला बसली. मी शिकले, बीएड केलं, शिक्षिका झाले. ते त्या विड्यांच्या पैशावर.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा ताईला विचारायला गेले. ती मला म्हणाली, "काय लिवलालीस गं, कोण वाचणारे?" मी जॉन्सनचं सांगितलं, व्हिएतनामचं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या माणसाला माहीत होतं का गं, इथं लेकरं उभी हायत म्हणून?" मी म्हटलं, माहीत असणार. कागदावर सगळं असतं. ती म्हणाली, "मग तर वाईटच की."

मी त्यावर बराच विचार केला आहे आणि माझंही मत तेच आहे. तरी दुसरी बाजू मांडते, कारण ती खरी आहे. १९६६ साली बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आलं आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं होतं. साधारण ६०० जहाजं लागली. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा पाचवा हिस्सा त्या वर्षी भारतात आला. ते आलं नसतं तर आमच्या गल्लीत माणसं मेली असती, यात मला शंका नाही. जॉन्सन यांचं म्हणणं असं की दावं आखूड केल्याशिवाय दिल्ली शेतीकडे वळणार नाही. आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांना शेतीत बदल करायचेच होते. त्यांनी आणि फ्रीमन यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये बसून ते ठरवलंही होतं. नवं बियाणं, खतं, भाव. आपण ती अट पाळत होतो. तरीही १९६६ च्या हिवाळ्यात धान्य अडलं, ते मुख्यतः आपण व्हिएतनामबद्दल बोललो म्हणून. शेती सुधारा असं म्हणत हात आखडणं मी समजू शकते. आमच्या बॉम्बबद्दल बोलू नका म्हणून भुकेल्याचं धान्य अडवणं मी कधीच मान्य करणार नाही.

आणि केनेडी असते तर? इतिहासाच्या शिक्षिकेने या प्रश्नाच्या नादी लागू नये. व्हिएतनाममध्ये ते स्वतः गुंतलेले होते; त्यांच्या हत्येच्या तीन आठवडे आधी, २ नोव्हेंबर १९६३ ला, दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांची त्यांच्याच लष्करातल्या बंडखोरांनी हत्या केली, आणि त्या बंडाला अमेरिकेची मूक संमती होती. म्हणजे या कहाणीत गोळी एकच नाही. दिएम गेल्यावर सायगावमध्ये एकामागून एक सरकारं कोसळत गेली, आणि ती पोकळी भरायला जॉन्सन यांनी सैन्य पाठवत नेलं. १९६३ च्या अखेरीस तिथे अमेरिकेचे सुमारे १६,००० लोक होते. १९६९ च्या सुरुवातीला ५ लाखांच्या वर. अमेरिकेचेच ५८,००० हून अधिक जवान मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली याचे अंदाज दहा लाखांच्या पुढूनच सुरू होतात. त्यांच्यापुढे आमची रांग काहीच नव्हे, हे मला कळतं. बिहारमध्ये तर रांग लावायलाही काही उरलं नव्हतं. तिथे एप्रिल १९६७ मध्ये सरकारला दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करावा लागला.

मी एवढंच म्हणते की ऑक्टोबर १९६३ मध्ये केनेडींनी वर्षअखेरीपर्यंत व्हिएतनाममधून १,००० माणसं परत बोलवायचा निर्णय मंजूर केला होता, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी भारताबद्दल बोलायला वेळ दिला होता. या दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. त्यापुढे काय झालं असतं ते कुणाला सांगता येणार नाही. काय झालं ते मात्र सांगता येतं, आणि ते आमच्या घरात झालं.

पुढचं थोडक्यात. संकरित ज्वारी आली, सीएसएच-१ हा पहिला वाण १९६४ चा. लोकांनी तिला नुसतं 'हायब्रीड' म्हटलं. तिची भाकरीही आजीला आवडली नाही, पण ती इथे पिकत होती आणि पोट भरत होती. पंजाबचा गहू वाढला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हाल पुन्हा झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने पीएल ४८० च्या रुपयांतून १,६६४ कोटी भारताला सोडून दिले, राजदूत मॉयनिहन यांनी एकच धनादेश दिला. तेव्हाची ती विक्रमी रक्कम होती, वर्तमानपत्रांत गाजली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी काही बोललं असेल असं मला वाटत नाही. ताईचं लग्न होऊन तिला एक मुलगी झाली होती.

तिच्या त्या मुलीला ताईने शाळेचा एक दिवस बुडवू दिला नाही. तापात नेऊन बसवलं आहे वर्गात. बाईंनी परत पाठवलं तेव्हा बाईंशी भांडली.

आता माझी सोलापूरकरांना एक विनंती आहे. हा काळ ज्यांनी पाहिला ती माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. विचारताना काळजी घ्यायची ती अशी की ६६ आणि ७२ त्यांच्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात. सुकडी, खडी फोडणं, रोजगार हमीच्या आधीची दुष्काळी कामं असं कुणी सांगायला लागलं तर ते ७२. मिलो दोन्ही वेळेला होती. सोमवारचा उपास, रुपयाची किंमत घसरल्याची चर्चा, शास्त्रीजी गेल्याची बातमी असं काही त्याच्या आगेमागे आलं तर ते ६५-६६. माणसाला साल विचारू नका, घरात तेव्हा कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं ते विचारा, साल आपोआप सापडतं.

मला स्वतःला रेल्वेच्या मालधक्क्यावर तेव्हा पोती उतरवलेला एखादा हमाल, किंवा कुठल्याही रेशन दुकानाची १९६५ ते ६७ मधली जुनी वही मिळाली तर हवी आहे. वहीत माल आल्याची तारीख असते. त्या तारखा मला वॉशिंग्टनमधल्या सह्यांच्या तारखांशेजारी ठेवून बघायच्या आहेत. जुनी रेशनकार्डं सापडली तर तीही चालतील, फोटो काढून घेईन आणि कार्ड परत करीन. ज्यांना रांगेबद्दल विचारायचं आहे त्यांनी ताईकडे यावं. दुपारी चारनंतर ती मोकळी असते, आणि एकदा बोलायला लागली की मला सांगितलं नाही तेही सांगते.